जिथे थांबलं तिथून

सोदानकुलाच्या मुख्य रस्त्यावर माझं दुकान.
बॅटऱ्या, टॉर्च, इंजिन गरम ठेवायच्या वायरी,
आणि खिडकीशी, नाताळ सरून उरलेले
आठ म्युझिक प्लेअर.

रौनी आली बूट आपटत, भुवयांवर हिम घेऊन.
फिरती नर्स. तांबडी टोयोटा. दिवसाला एकोणीस घरं:
कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या पायाची जखम,
कुणाला नुसतंच विचारायचं, जेवलात का.

मी सुरू झालो: हा बघ, तीस जीबी,
सात हजार गाणी मावतात.
म्हणाली, तेवढं जगायचंय कुणाला?
हा रंगीत पडद्याचा.
गाडी चालवताना मी रस्ता बघते.
हा नुसत्या स्पर्शावर चालतो.
तिनं हातमोजा न काढताच बोट टेकवलं.
पडदा ढिम्म.

मग काउंटरवर कोपर ठेवून म्हणाली,
ऐक, माझ्याकडे ऐकायला एकच गोष्ट आहे.
चेलो. बावन्न मिनिटांचा, सलग.
या घरापासून त्या घरापर्यंत अकरा मिनिटं.
किल्ली फिरवली की आवाज गेला,
परत येऊन बसले की पहिले पाढे पंचावन्न.
दोन हिवाळे मी त्याच सुरुवातीत राहतेय.
मला बारावं मिनिट हवंय.

वीस वर्षं धंद्यात आहे मी.
हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नव्हतं.

दुकानाला कडी घालून आम्ही तिच्या गाडीत बसलो,
उणे सव्वीस, दोघांच्या तोंडातून वाफ,
मांडीवर आठ डबे.
लायटरच्या भोकात प्लग. वीसपर्यंत मोजायचं. किल्ली बंद.
पुन्हा चालू.
पहिला: सुरुवातीपासून.
दुसरा: सुरुवातीपासून, वर स्वागताची धून.
तिसऱ्यानं भाषा विचारली.
सर्वांत महागाच्या आत तबकडी फिरते,
ती थंडीनं फिरेचना.
सातव्यापर्यंत माझे कान लाल झाले होते,
सगळंच थंडीनं नव्हे.
आठवा तर सुरूच झाला नाही.

तेव्हा आठवला खणातला, दोन वर्षं न खपलेला,
साबणाच्या वडीएवढा, मळकट पिवळा,
एकच बटण, पण अंगठ्याला हातमोज्यातूनही कळणारं.
किल्ली बंद. किल्ली चालू.
क्षणभर काही नाही.
मग अर्धाच राहिलेला तो स्वर
नेमका तिथूनच उचलला त्यानं,
घास गिळून कुणी वाक्य पुरं करावं तसा.

रौनी काही बोलली नाही. पाकीट काढलं.
टोयोटाची कॅसेटची फट कधीची गच्च बसलेली,
म्हणून सोबत छोटा ट्रान्समीटर दिला,
रेडिओवर अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन लाव म्हटलं.

मार्चमध्ये आली, फ्यूज घ्यायला.
शेवट ऐकलास?
ऐकला की, पहिल्याच दिवशी. वुओत्सोच्या अलीकडे.
ठीक आहे शेवट.

मग म्हणाली, पेत्कुलाचा तौनो माहीत आहे ना,
डोळे गेलेला, बायकोशिवायचा?
त्याचा स्वयंपाकघरातला रेडिओ त्याच आकड्यावर अडकलाय.
मी अंगणात वळले की त्याच्या खरखरीत चेलो उगवतो.
बेल वाजायच्या आत कॉफी चुलीवर असते.
काल म्हणाला, सोमवारचा तुकडा उदास होता,
मंगळवारचा धावत होता,
मधलं कुठं सांडतेस तू?

आता मी जरा बसते अंगणात, गाडी चालूच ठेवून.
नगरपालिकेतून फोन आला, पेट्रोल जास्त का जातं म्हणून.
थंडी, म्हटलं.

ती गेल्यावर ट्रान्समीटरचं रिकामं पाकीट शोधलं मी.
पोच: तीन मीटर.
तौनोचं अंगण मी पाहिलंय.
खिडकीपासून फाटकापर्यंत
पंधरा पावलं तरी असतील.